गेज गजांच्या पलीकडे : कृष्णाकाठच्या एका जॅकवेलवरील प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या काठाने ताकारी, म्हैसाळ यांसारख्या मोठ्या उपसा सिंचन योजना आहेत. त्यांच्याखेरीज गावोगावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे लहान जॅकवेल, म्हणजे पंपांसाठी नदीकाठी बांधलेल्या विहिरी, आहेत. नदीच्या पात्रातून एक जाड पाइप जॅकवेलमध्ये पाणी आणतो आणि त्याच्या नदीकडील तोंडाला उभ्या लोखंडी गजांची जाळी असते. या जाळीवर जलपर्णी, उसाचे पाचट, निर्माल्याची फडकी आणि तंगूसाच्या तुटक्या जाळ्या येऊन बसतात. असा गाळ साचला की पंप हवा ओढू लागतो आणि संस्थेच्या सेक्रेटरीला पाणबुड्यांना फोन करावा लागतो.

पूर्वी हे काम दम धरून बुडी मारणारे लोक करीत. या प्रकरणातील दोघे चुलतभाऊ त्याच घरातले. मालवण-तारकर्लीकडे काही हंगाम काम केल्यावर त्यांनी तिकडूनच स्कूबाचे दोन जुने संच विकत आणले आणि चार वर्षांपासून ते सिलिंडर पाठीवर घेऊन जाळ्या साफ करतात. त्यांना येथे मी थोरला आणि धाकटा असेच म्हणेन. गाव, संस्था आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. प्रसंग घडल्यावर साहित्य तपासण्यासाठी त्यांनी मला बोलावले. पुढील मजकूर त्या दोघांच्या, दोर धरणाऱ्या मुलाच्या आणि पंप ऑपरेटरच्या स्वतंत्र सांगण्यावरून जुळवला आहे.

साहित्य कसे जोडलेले होते

सिलिंडरच्या तोटीवर बसणारा फर्स्ट स्टेज सिलिंडरमधील २०० बारपर्यंतचा दाब कमी करून आसपासच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक एवढ्यावर आणतो. तेथून नळ्या निघतात: एक तोंडातल्या सेकंड स्टेजकडे, म्हणजे श्वास घेण्याच्या तोंडाकडे, दुसरी ऑक्टोपस म्हणजे राखीव सेकंड स्टेजकडे, तिसरी तरंगण्यासाठी घालायच्या जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या बटणाकडे, आणि चौथी प्रेशर गेजकडे. पहिल्या तीन कमी दाबाच्या असतात, चौथीत मात्र सिलिंडरचा पूर्ण दाब असतो. अशा चार नळ्या मानेमागून फुटून अंगाच्या दोन्ही बाजूंनी खाली येतात, आणि त्यांची टोके कोठे ठेवायची हा प्रश्न प्रत्येक पाणबुड्याला सोडवावा लागतो.

या दोघांनी तो मालवणच्या सवयीने सोडवला होता. ऑक्टोपस जॅकेटच्या उजव्या खिशात वेल्क्रोच्या झाकणाखाली कोंबलेला असे आणि गेज डाव्या बाजूला मोकळे लोंबत असे. समुद्रात, पर्यटकाचा हात धरून, पाण्यात आडवे राहून फिरताना यात विशेष बिघडत नाही. लोंबणारे गेज तेथेही प्रवाळाला घासते, पण दिसते. कृष्णेच्या डोहात मे महिन्यातही दोन-तीन फुटांखाली स्वतःचा पंजा दिसत नाही, आणि जाळीवरचे काम डोके खाली, पाय वर अशा स्थितीत, दोन्ही हातांनी उपसत करावे लागते. ऑक्टोपसची नळी पिवळी असते, ती इतरांना लांबून दिसावी म्हणून. येथे त्या रंगाचा उपयोग काठावर उभ्या असलेल्या माणसालाच.

गेजची नळी लांबलचक, जवळजवळ ९० सेंटिमीटरची होती. माणूस उलटा झाला की गेज छातीवरून सरकून डोक्याच्याही खाली, म्हणजे थेट जाळीसमोर येई. हे थोरल्याला ठाऊक होते. काम करताना ते मध्ये येते म्हणून तो अधूनमधून कोपराने बाजूला सारीत असे.

काय घडले

मेच्या तिसऱ्या आठवड्यात संस्थेचा निरोप आला. आवर्तन चालू होते, ऊस वाळत होता आणि शेतीपंपांची वीज दुपारी २ वाजता येणार होती. त्यापूर्वी जाळी मोकळी करायची होती. साडेबाराच्या सुमारास थोरला पाण्यात उतरला. खोली सुमारे ६ मीटर, सिलिंडर १२ लिटरचे, दाब १२० बार. ते आदल्या दिवशी एकदा वापरलेले होते. धाकट्याचा संच काठावर आणलेला होता, पण रेग्युलेटर, म्हणजे फर्स्ट स्टेज आणि त्याच्या नळ्या, जोडलेला नव्हता. सिलिंडर टेम्पोतच होते. दोर थोरल्याच्या जॅकेटच्या कडीला बांधलेला होता आणि दुसरे टोक त्यांच्या भाच्याच्या हातात होते.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर घडले. जाळी तुंबलेली असताना पंप चालला की जॅकवेलमधील पाणी उपसले जाते, पण नदीतून तितके आत येत नाही. पंप बंद केल्यावरही आतली पातळी नदीपेक्षा खाली राहते. त्या दिवशी हा फरक चार-पाच फुटांचा होता, असे ऑपरेटरने नंतर सांगितले. आधी त्याला कोणी विचारलेच नव्हते. तुंबलेल्या जाळीवरचा गठ्ठा हा अशा वेळी झाकणासारखा असतो. तो काढताच नदी त्या फटीतून आत धावते.

थोरल्याने जलपर्णीचा मोठा पुंजका उपटला आणि त्याच क्षणी पाण्याने हात जाळीकडे ओढला गेला. त्याने गज धरून स्वतःला थोपवले. मात्र लोंबणारे गेज प्रवाहाबरोबर दोन गजांमधून आत गेले आणि आडवे होऊन पलीकडे अडकले. तोवर खिशातून निसटलेला ऑक्टोपसही जाळीवर जाऊन आदळला. त्याचे समोरचे बटण गजावर दाबले गेले आणि त्यातून हवा धो-धो सुटू लागली. अंधार, बुडबुड्यांचा आवाज आणि डाव्या खांद्याला बसलेली ओढ, एवढेच त्याला कळत होते. कशाने धरले आहे हे कळत नव्हते.

त्याने दोराला चार झटके दिले. त्यांच्या खुणेत याचा अर्थ मदत पाठवा असा होता. भाच्याने नैसर्गिकपणे दोर ओढला आणि त्यामुळे गेजची नळी आणखी ताणली गेली. वर धाकटा टेम्पोकडे पळाला.

पुढच्या तीन मिनिटांतील थोरल्याचे वागणे या प्रकरणातील सर्वांत चांगली गोष्ट आहे. त्याने ओढाताण थांबवली. उजव्या हाताने ऑक्टोपस गजापासून सोडवून त्याचे तोंड खाली केले. तोंड वर असलेला सेकंड स्टेज आतल्या-बाहेरच्या पाण्याच्या दाबातील फरकामुळे आपोआप वाहू शकतो. तोंड खाली करून त्यात पाणी भरू दिले की वाहणे बहुधा थांबते. येथे ते कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही, कारण आत वाळू शिरली होती. मग त्याने डाव्या खांद्यापासून हात नळीवरून सरकवत नेला आणि गेज गजांच्या पलीकडे असल्याचे ओळखले. प्रवाहामुळे ते फिरवता येईना. जॅकेट सोडून वर जाण्याचा विचार त्याच्या मनात आला होता. ६ मीटरवरून श्वास सोडत वर जाणे अशक्य नव्हते, परंतु दोर जॅकेटला होता. जॅकेट सोडले असते तर काठाशी असलेला दुवाही तुटला असता. तो थांबला. जॅकवेल भरत आला तसा प्रवाह मंदावला, गेज उभे झाले आणि बाहेर आले.

वर आला तेव्हा काटा ४० बारवर होता. धाकटा तेव्हा पाण्याच्या कडेला पट्टे आवळत होता.

आकडे मांडून पाहिले तर गांभीर्य लक्षात येते. ६ मीटरवर हवेचा खर्च काठावरच्या सुमारे १.६ पट होतो. राबणारा माणूस मिनिटाला २५ लिटर घेतो असे धरले तर तेथे ४० लिटर, म्हणजे तीन मिनिटांत १२० लिटर. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये १० बार. अडकण्यापूर्वी त्याने फारच थोडा वेळ काम केले होते. उरलेले जवळजवळ ७० बार, म्हणजे ८०० लिटरहून अधिक हवा, ऑक्टोपसमधून वाया गेली होती. आणखी दोन मिनिटे तसे चालले असते तर थांबण्याचा शहाणपणा उपयोगी पडला नसता.

पुढे असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओसरीवर बसलो तेव्हा थोरल्याचा पहिला प्रस्ताव साधा होता: ऑक्टोपस काढूनच टाकू. पाण्यात एकच माणूस असतो. दुसऱ्याला हवा द्यायची वेळ येत नाही. मग लोंबणारे एक तोंड कमी झालेले बरे. हा विचार मी लगेच झिडकारला नाही, कारण त्यात तथ्य होते. नको असलेली नळी सुरक्षित बांधण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ती न नेणे. पण एकट्या माणसालाही मुख्य सेकंड स्टेज गाळाने बिघडला तर दुसरा लागतो, आणि अडकलेल्याकडे धाकटा गेला तर त्याच्यापाशी देण्यासाठी काहीतरी हवे. त्यामुळे तो प्रस्ताव मागे पडला.

दुसरा पर्याय बाजारातल्या रबरी बुचाचा. छातीवरच्या कडीला लावलेल्या बुचात ऑक्टोपसचे तोंड खुपसायचे. त्यामुळे ते जागेवर राहते आणि तोंडात गाळही जात नाही. थोरल्याला हे आवडले. गाळ बाहेर ठेवणे हा त्याच्या दृष्टीने मुख्य लाभ होता, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते.

तिसरा पर्याय गळ्यातील रबरी दोरीचा. राखीव सेकंड स्टेज ताणणाऱ्या दोरीच्या हारात अडकवून हनुवटीखाली ठेवायचा. धाकटा याच्या बाजूने होता. त्याचा मुद्दा एकाच वाक्याचा होता: “दादा, छातीवरचं हुडकायला हात लागतो, गळ्यातलं हुडकावंच लागत नाही.” हनुवटी खाली केली की तोंडाला लागते, दोन्ही हात अडकलेले असले तरी. परंतु गळ्यातला सेकंड स्टेज दुसऱ्याला देता येत नाही. तेव्हा मदतीला जाणाऱ्याने स्वतःच्या तोंडातला काढून द्यायचा आणि आपण गळ्यातला घ्यायचा, अशी रीत ठेवावी लागते. त्यासाठी मुख्य सेकंड स्टेजची नळी लांब हवी. त्यांची ७० सेंटिमीटरची होती. एवढ्या नळीने दुसऱ्याला हवा देणे म्हणजे गालाला गाल लावून वर येणे.

गेजबाबत मतभेद नव्हता: ते डाव्या कमरेच्या कडीला अडकवायचे. वाद झाला तो कशाने, यावर. थोरल्याने बाजारातून कुत्र्याच्या साखळीला लावतात तसे पितळी हुक आणि किल्ल्या अडकवण्याच्या कॅराबिनरसारख्या कड्या आणल्या होत्या. कॅराबिनरसारखी कडी मी तेथेच बाजूला ठेवली. तिची पाकळी बाहेरून दाबली की आत उघडते. म्हणजे तंगूसाची एक दोरी तिच्यावर घासली तर ती आपोआप आत जाऊन बसते आणि बाहेर येत नाही. पाणबुड्याने काही न करता स्वतःला जाळ्याला बांधून घेणे असा तिचा अर्थ होतो. बोल्ट स्नॅप नावाच्या हुकामध्ये अंगठ्याने दांडी मागे खेचल्याशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून दोरी स्वतःहून शिरत नाही. साखळीचा पितळी हुक याच जातीचा होता, हे थोरल्याच्या नजरेचे श्रेय. फक्त त्याची स्प्रिंग साध्या लोखंडाची होती. चार दिवसांत ती गंजून अडकली.

मग हुक नळीला बांधायचा कसा? येथे चर्चा थोडी लांबली, आणि लांबावी अशीच होती. थोरल्याला लोखंडी रिंग हवी होती, धाकट्याला झिपटाय म्हणजे प्लास्टिकची आवळपट्टी, आणि मी पक्क्या विणीच्या नायलॉन दोरीचा आग्रह धरला. हा प्रश्न ताकदीचा नाही. ऑक्टोपसला अशी पकड हवी की हाताच्या एका ओढीने तो सुटावा. गेजला अशी हवी की ओढीने सुटू नये, पण सुरीने कापता यावी. एकाच जातीचा हुक, एकाच जातीची गाठ दोन्हीकडे लावली की दोहोंपैकी एक ठिकाण हमखास चुकते. धातूच्या हुकाला धातूची रिंग आणि ती धातूच्या कडीत, अशी साखळी झाली तर हुकाची दांडी अडकल्यावर सोडवायला पक्कड लागते, आणि पाण्याखाली पक्कड कोणी नेत नाही. झिपटाय कापता येतो, पण मऊ नळीवर आवळला तर रबरात कायमची खाच पाडतो. शिवाय त्याची कापलेली कड हातमोजे फाडते.

विहिरीतील चाचण्या

निर्णय ओसरीवर न करता विहिरीत करावा असे ठरले. त्यांच्या नात्यातल्या एका मळ्यात बांधीव विहीर आहे, पाणी सात-आठ मीटर, स्वच्छ. मुखवट्याच्या काचेवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून अंधार करून घेतला. नदीवरचे जाड हातमोजे घातले. पायरीवर भाचा घड्याळ घेऊन बसला. प्रत्येक जोडणी प्रत्येकाने डोके खाली करून दहा वेळा सोडवायची आणि पुन्हा लावायची, एवढाच नियम होता.

रबरी बूच थोरल्याच्या दहापैकी तीन फेऱ्यांत तो उलटा झाल्याबरोबर आपोआप सुटले, आणि दोनदा इतके घट्ट बसले की दोन्ही हात लागले. नवे बूच घट्ट, ओले झालेले सैल. मधली अवस्था टिकत नाही, असे दिसले. थोरल्याने ते स्वतःच बाजूला ठेवले. ज्याचा पर्याय त्यानेच चाचणीनंतर सोडावा, यासारखी सोय नाही. माझे बोलणे वाचले.

गळ्यातला हार वीसच्या वीस वेळा तोंडात आला. एकदा मात्र हिसका बसल्यावर दोरीत तोंडाचा रबरी भाग तेवढा राहिला आणि सेकंड स्टेज निसटला. याचे कारण गाठीत होते: दोरी रबरी भागाच्या पुढच्या, दातांनी धरायच्या टोकापाशी बसली होती. ती मागे, जेथे रबर सेकंड स्टेजच्या नळकांड्यावर चढते तेथे, झिपटायच्या लगत नेली, आणि फास असा ठेवला की जोराने ओढल्यास आख्खा सेकंड स्टेज फासातून बाहेर यावा. ही चूक नदीत कळली असती तर महाग पडली असती.

दोरीऐवजी सायकलच्या ट्यूबचे कापलेले वेढेही पाहिले. हारासाठी ते चालले नाहीत, पण नळीचा मोकळा वेटोळा खांद्याच्या पट्ट्यावर दाबून ठेवण्यासाठी त्याहून चांगले काही सापडले नाही. ओढले की नळी सुटते, सोडले की वेढा जागेवर राहतो. पंक्चरच्या दुकानात ते फुकट मिळाले.

काय केले

अंतिम जोडणी अशी ठरली. ऑक्टोपसची जवळजवळ १ मीटरची पिवळी नळी मुख्य सेकंड स्टेजला लावली आणि ती उजव्या काखेखालून फिरवून तोंडाशी आणली. मुखापाशी ती वळू नये म्हणून कोनाचा सांधा बसवला. मुख्य सेकंड स्टेजची जुनी ७० सेंटिमीटरची नळी राखीवाला दिली आणि तो उजव्या खांद्यावरून गळ्यातल्या हारात आणला. हारासाठी ही नळी थोडी लांबच पडते. तिचा फुगणारा वेटोळा ट्यूबच्या वेढ्याखाली दाबला. नवीन नळी विकत घेण्याचा खर्च त्यामुळे वाचला. ही अदलाबदल करताना सांध्यातील ओ-रिंग तपासून बदलल्या आणि सांधे पान्याने मुरगाळून आवळले नाहीत. पुढच्या सर्व्हिसिंगला हे काम जाणकाराकडून पाहून घ्यावे, अशी सूचना केली, आणि त्यांनी ती पाळली.

गेजसाठी मात्र ६० सेंटिमीटरची नवी नळी घेतली. ती डाव्या काखेखालून सरळ कमरेला येते आणि स्टेनलेस स्टीलच्या बोल्ट स्नॅपने कडीला अडकते. स्नॅप नळीच्या मधल्या रबरावर न बांधता गेजजवळच्या धातूच्या टोकावर नायलॉन दोरीच्या दोन वेढ्यांनी बांधला. नळीच्या दोन्ही टोकांवर चढवलेली जुनी रबरी टोपणे काढली तेव्हा फर्स्ट स्टेजजवळ एका नळीला बारीक तड गेलेली दिसली. नळीचे रक्षण करणाऱ्या टोपणानेच ती इतके दिवस लपवली होती. तेव्हापासून दर महिन्याला टोपणे मागे सरकवून पाहतात.

जास्त दाबाची नळी फुटण्याची भीती पाणबुड्यांना अधिक वाटते, कारण तिच्यात २०० बार असतात. प्रत्यक्षात तिच्या सांध्यात सुईच्या टोकाएवढे छिद्र असते, त्यामुळे ती फुटली तर हवा हळू जाते; कमी दाबाची नळी फुटली किंवा ऑक्टोपस वाहू लागला तर सिलिंडर कितीतरी वेगाने रिकामे होते. थोरल्याला गेज अडकल्याची भीती आठवत होती, परंतु त्याची हवा ऑक्टोपसने घेतली होती. हे आकडे मांडून दाखवल्यावरच राखीव सेकंड स्टेजच्या जागेकडे त्याने गेजइतके लक्ष दिले.

नळ्यांशी थेट संबंध नसलेले, पण त्याच प्रसंगातून आलेले तीन बदल थोडक्यात सांगतो. दोर जॅकेटऐवजी जॅकेटखालच्या पट्ट्याला, म्हणजे अंगाला बांधला जातो. पोटरीवरची सुरी डोके खाली असताना हाती लागत नाही, म्हणून एक छोटी सुरी कमरेच्या पट्ट्याला आणि एक छातीवर आली. आणि पाणबुड्या उतरण्यापूर्वी पंपाच्या स्टार्टरचे फ्यूज काढून धाकट्याच्या खिशात ठेवले जातात. शेतीपंपांना बहुतेक ठिकाणी ऑटो स्टार्टर असतो. वीज आली की पंप स्वतःहून सुरू होतो. पहिल्या दिवशी २ वाजता काय झाले असते, याचा हिशेब कोणी केला नव्हता.

निष्पत्ती

त्या उन्हाळ्यात पाऊस लागेपर्यंत त्यांनी आणखी पाच जाळ्या साफ केल्या. ऑक्टोपस एकदाही सुटला नाही. गेज जाळीपर्यंत गेले नाही. चौथ्या कामात तंगूसाचा एक तुकडा बोल्ट स्नॅपच्या फिरत्या मुळाशी गुंडाळला गेला; धाकट्याने गाठ सोडवण्याचा प्रयत्न न करता नायलॉनचे वेढे कापले आणि गेज हातात धरून वर आला. काठावर नवे वेढे बांधायला पाच मिनिटे लागली. बोल्ट स्नॅप अडकतच नाही असे म्हणता येणार नाही, हे यातून कळले.

नवी अडचणही आली. गेज कमरेला असल्यामुळे ते पाहण्यासाठी स्नॅप सोडावा लागतो, आणि गढूळ पाण्यात ते मुखवट्याला टेकवून टॉर्च मारली तरी काटा कधी दिसतो, कधी दिसत नाही. म्हणून वेळ काठावरून मोजली जाते. सिलिंडर १५० बारच्या खाली असेल तर उतरायचे नाही आणि दहा मिनिटांनी भाचा दोर ओढून वर बोलावतो. संस्थेच्या सेक्रेटरीला ही तयारी लांबलचक वाटते. एका ठिकाणी त्यांना “पूर्वी तर दोन मिनिटांत उतरायचा” असे ऐकावे लागले, आणि तेथील काम त्यांनी घेतले नाही.

बिघडलेल्या ऑक्टोपसमध्ये उघडल्यावर झडपेखाली वाळू आणि जलपर्णीचे मूळ सापडले. आधी तो घरी बादलीत बुडवून, बटण दाबून दाबून धुतला जाई. नळीत दाब नसताना बटण दाबले की आतली झडप उघडते आणि घाण पाणी नळीत शिरते. आता तो सिलिंडरला जोडलेला असतानाच, दाबाखाली धुतात.

काय वेगळे करता आले असते

पहिला निर्णयाचा क्षण पाण्याबाहेरचा होता. आत आणि बाहेर पाण्याची पातळी किती आहे, हे ऑपरेटरला विचारून, फरक असल्यास जॅकवेल भरेपर्यंत थांबणे किंवा आत पाणी सोडून पातळी सारखी करणे शक्य होते. प्रवाह नसता तर लोंबणारे गेज जाळीवर आपटले असते, आत गेले नसते. नळ्या बांधणे हे अशा प्रवाहावरचे उत्तर नाही. गेज कमरेला असते तर गेजऐवजी हात ओढला गेला असता. मी त्यांच्याकडे नळ्या तपासायला गेलो आणि पहिल्या दिवशी नळ्यांविषयीच बोललो. पातळीचा विषय तिसऱ्या भेटीत, ऑपरेटरशी बोलल्यावर निघाला. तो क्रम चुकला.

दुसरा क्षण दोर ओढण्याचा. चार झटके म्हणजे मदत, एवढेच ठरले होते. ओढा की ओढू नका, हे ठरले नव्हते. आता चार झटके आले तर दोर ताठ धरायचा, ओढायचा नाही, आणि तीन आले तर ओढायचे. भाच्याने तेव्हा जे केले ते कोणीही केले असते.

तिसरा मुद्दा पैशांच्या क्रमाचा. हाताशी जेवढे पैसे होते त्यातून गेजची नळी, स्नॅप, कोनाचा सांधा आणि सर्व्हिसिंग झाले. त्याच पैशांत थोडी भर घालून ३ लिटरचे छोटे सिलिंडर आणि त्याचा स्वतंत्र रेग्युलेटर घेता आला असता. २०० बारला त्यात ६०० लिटर हवा बसते; ६ मीटरवर, मिनिटाला ४० लिटर धरून, ती पंधरा मिनिटे पुरते. एकाच फर्स्ट स्टेजवरून निघालेला ऑक्टोपस कितीही नीट बांधला तरी मूळ सिलिंडर रिकामे झाल्यावर तो निरुपयोगी असतो. त्या वेळी मी नळ्यांना प्राधान्य दिले, कारण त्या स्वस्त होत्या आणि लगेच करता येत होत्या. आज विचारले तर छोटे सिलिंडर आधी घ्या, तोवर ट्यूबच्या वेढ्यांवर भागवा आणि स्नॅप नंतर घ्या, असा सल्ला देईन. थोरल्याला हे पटत नाही. त्याच्या मते जास्तीचे सिलिंडर म्हणजे जाळीत अडकणारी आणखी एक वस्तू. या मताला वजन आहे, कारण ते त्याच्या अंगावरून गेले आहे.

छोटे सिलिंडर पुढच्या हंगामात आले. त्याचा सेकंड स्टेज हा तिसरा, आणि गळ्यातली जागा भरलेली. डाव्या छातीवर ट्यूबच्या वेढ्याने अडकवला तर उलटे झाल्यावर तो हनुवटीकडे सरकतो. सिलिंडरच्या अंगालाच दाबून ठेवला तर सापडतो, पण दोन्ही हात लागतात. राखीव गळ्यातून काढून त्या जागी छोट्या सिलिंडरचा घालावा, असे धाकटा सुचवतो आहे. विहिरीचे पाणी दिवाळीपर्यंत निवळते. त्यानंतरच्या एका रविवारी टेप लावलेले मुखवटे घेऊन दोघे पुन्हा उतरणार आहेत, प्रत्येकी दहा फेऱ्या.